बिनलसणाचं

हरभट रोडला झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
अकरा पायऱ्यांचा जिना, मधली एक डुगडुगणारी.
त्रिशलाकाकी मगदूम तो चढून आल्या
स्टीलचा डबा घेऊन. मागं भाचा, सन्मती.
"आधी खाऊन बघा," म्हणाल्या. "चित्राचं मग."

भडंग. तिखट जिभेच्या कडेनं आत येणारं,
शेंगदाणा करपायच्या एक श्वास आधी उतरवलेला,
कढीपत्ता वाजणारा.
आणि काहीतरी नाही.
चावत राहिले. काय नाही ते कळेना.

"लसूण," काकी म्हणाल्या.
सांगलीत लसणाशिवाय भडंग विकायचं
म्हणजे मिरजेच्या गवयाला
तंबोऱ्याशिवाय बसवायचं.

सन्मतीच्या मोबाइलमध्ये यादी होती.
वाघ. उगवता सूर्य. सोनेरी अक्षरं, फुगलेली.
जमलं तर रॉकेट.
"वाघ भडंग खातो का रे?"
एवढंच विचारलं काकींनी, आणि यादी मिटली.

पहिला नमुना मी दहा मिनिटांत केला:
लसणाचा गड्डा, त्यावर लाल फुली.
खूश होते. काकींनी चष्मा काढला,
पदरानं पुसला, परत घातला.
"आपण खात नाही, एवढंच की वो.
खाणाऱ्याच्या ताटावर फुली कशाला मारायची?
शेजारच्या हसीनाबी लसूण सोलत बसतात
माझ्याच कट्ट्यावर. त्यांनी बघितलं तर?"

मग नऊ रात्री.
जे नाही ते काढायचं कसं,
आणि ते नाही म्हणून कुणाला टोचू नये कसं.
अनुस्वाराचा शेंगदाणा करून पाहिला.
तो सगळेच करतात.
पाकळी कोरली, वाटाण्यासारखी दिसली.
पाकिटाची पिवळी छटा वखारीतल्या हळदीला जुळवली,
ती छापून आली काविळीसारखी.

दहाव्या दिवशी दिसला तो भ.
बालवाडीत बाईंनी डोळे वटारून शिकवलेला:
भ ची रेघ डोक्यावर तुटलेली असते, बाळ,
जोडलीस तर म होतो.
म्हणजे फट आधीपासूनच होती, अक्षराच्या डोक्यातच,
माझी फक्त नजर तिच्यावर गेली नव्हती.
मी ती रुंद केली. एका पाकळीएवढी,
टोकाला निमुळती. बाकी काही नाही.

काकी बघत राहिल्या. बोट त्या जागेवर ठेवलं.
"इथं नाही, होय?"
"होय, इथं नाही."
निम्मे पैसे रोख दिले,
निम्म्याचे डबे, सहा महिने, दर बुधवारी.

दीड वर्षानं अंकलीच्या पुलाजवळ
माझ्या स्कूटरपुढं एक टेम्पो.
मागच्या फळक्यावर माझा लोगो, आडवा ताणलेला,
गुदमरलेला, कडेला मोबाइल नंबर.
आणि भ ची फट कुणीतरी बुजवलेली.
कुपवाडच्या स्टिकरवाल्याला वाटलं असणार
फाइल फाटकी आली,
बिचाऱ्यानं मन लावून रेघ जोडली.
मगदूम मडंग.
हसू की रडू, तोवर टेम्पो मिरजेकडं वळला.

तोच नंबर लावला.
"हॅलो, मडंग," काकींचा आवाज.
"काकी, ते चुकलंय."
"माहीत आहे की. दिवाळीपास्नं तसंच फिरतंय.
पोरं म्हणतात, मडंग द्या.
पेठेतला किराणावालासुद्धा आता वेगळं मांडतोय:
लसणाचं ते भडंग, आपलं ते मडंग.
कुणाला समजावून सांगावं लागत नाही बघा.
हसीनाबीपण मडंगच म्हणतात.
हां, पाकिटं संपत आलीत.
पुढची तशीच करून द्याल काय?"

फाइल उघडून बसले आहे.
खाली झेरॉक्सचं मशीन धडधडतंय.
पडद्यावर तो भ, हजारपट मोठा,
आणि त्याच्या डोक्यावर माझी नऊ रात्रींची मोकळी जागा.
जोडायला एक क्लिक पुरेल.
बुधवारचा डबा टेबलावर आहे.
आधी मूठभर खाते.